सप्लायकर

भोसरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये डोकावा, एखादा सप्लायकर सापडतोच. खरं आडनाव काहीही असेल. वडिलांनी टेल्कोत किंवा बजाजमध्ये नोकरी केलेली, याने डिप्लोमा करून दोन-तीन कंपन्या बदललेल्या, आणि आता चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना पॅनेलं वायर करून देणाऱ्या व्हेंडरकडे हा 'सीनियर' झालेला. दिवसभर डोकं पॅनेलात. संध्याकाळी मोशीच्या चौकातून वाट काढत घरी पोचला की डोकं दुसऱ्या पॅनेलात. हे दुसरं पॅनेल म्हणजे त्याचा मॉड्युलर सिंथेसायझर.

"वाजतो का?" असं पाहुण्यांनी विचारू नये. विचारलंच तर उत्तर ठरलेलं आहे: "सध्या सप्लायचं काम चाललंय."

हे 'सध्या' केव्हा सुरू झालं ते घरात आता कुणालाच आठवत नाही.

मॉड्युलर सिंथेसायझर हे पेटीसारखं एकसंध वाद्य नाही. त्यातलं एक मॉड्यूल नुसता सूर काढतं, दुसरं त्या सुराची धार कमी-जास्त करतं, तिसरं तो किती झटक्यात उठावा आणि किती रेंगाळावा ते ठरवतं. ही मॉड्यूल्स बाहेरून कॉर्डने हवी तशी जोडायची; जोडणी बदलली की वाद्यच बदलतं. म्युनिकजवळच्या डीटर डोएप्फर यांनी 1990च्या दशकाच्या मध्यावर ए-100 नावाची मालिका बाजारात आणली आणि तिच्यावरून युरोरॅक हे माप रूढ झालं. आता जगभरचे लहानमोठे उत्पादक त्याच मापात मॉड्यूल्स करतात. गंमत अशी की हे माप संगीताच्या दुनियेतलं नव्हेच. कारखान्यांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या उपकरणांसाठी युरोकार्डचे रॅक आधीपासून होते, त्यांचंच हे भावंड. उंची 3 यू, रुंदी 5.08 मिलिमीटरच्या पटीत, वर-खाली स्क्रूने आवळायची पट्टी. सप्लायकरला हे कळलं तेव्हा तो हरखून गेला. तोवर संगीताशी त्याचा संबंध गणपतीतल्या आरतीपुरता होता. पण रॅक म्हटल्यावर प्रश्नच मिटला. रॅकमध्ये हयात गेली होती.

अडचण एकच निघाली, आणि तीच पुढे त्याचं आयुष्य झाली. चाकणच्या पॅनेलात 24 व्होल्ट डीसी चालतं. युरोरॅकला अधिक 12 आणि उणे 12 असे दोन्ही व्होल्ट लागतात, शिवाय काही मॉड्यूल्सना अधिक 5. आवाजाची लाट शून्याच्या वर जाते तशी खालीही जाते, तेव्हा खाली उतरायला जागा हवी. म्हणून उणे 12. कंपनीच्या स्टोअरमध्ये उणे व्होल्टेज असं काही मिळत नाही. स्टोअरकीपरने त्याच्याकडे पाहिलं ते उधारी मागायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा होता. 12 व्होल्टचे दोन एसएमपीएस घ्यायचे, एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडायचा आणि त्या सांध्याला शून्य म्हणायचं; वर अधिक 12, खाली उणे 12. उत्तम चालतं, पण दोन्ही आउटपुट खरोखर अधांतरी असतील तरच. दोघांचेही मायनस आतून अर्थिंगला बांधलेले असले, तर सांधा जोडताक्षणी एकाचा प्लस थेट अर्थला जातो आणि पुढचं वास सांगतो. सप्लायकरकडे असे प्रसंग येत नाहीत, कारण तो मल्टिमीटरची टोकं लावल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावत नाही. तरीही हा उपाय त्याने बाद केला. कारण विचाराल तर तो "रिपल" एवढाच शब्द उच्चारतो, आणि तोही असा की शेजारच्या माणसाने मान खाली घालावी.

मग भंगारातला कॉम्प्युटरचा एसएमपीएस आला. हिरवी वायर काळीला टेकवली की तो सुरू होतो, पिवळीवर 12, लालवर 5, निळीवर उणे 12. सगळं फुकटात! फक्त त्या निळ्या वायरीची ताकद जेमतेम अर्धा अँपिअर, कधी त्याहून कमी. तीन आउटपुटचे तयार एसएमपीएस मिळतात त्यांचंही रडगाणं हेच: अधिकची बाजू दांडगी, उण्याची किरकोळ. सप्लायकरने मॉड्यूल्सची यादी एक्सेलमध्ये घातली. कोण किती मिलिअँपिअर खातो, अधिकला किती, उण्याला किती. बेरीज केली, वर तीस टक्के जादा धरले. नंतर त्याला आठवलं की स्विच टाकल्याक्षणी सगळ्या मॉड्यूल्समधले कपॅसिटर एकदम भरायला लागतात आणि सुरुवातीचा ओढा चालू करंटपेक्षा कितीतरी मोठा असतो. कंप्रेसरला स्टार-डेल्टा स्टार्टर का लावतात हे ज्याला झोपेतही सांगता येतं, त्याला हा विचार झोपू देईना. त्याने आकडा दुप्पट केला. मॉड्यूल्स तेव्हा दोन होती.

अखेर तो लिनिअर सप्लायवर स्थिरावला. लिनिअर म्हणजे जुन्या रेडिओच्या घराण्यातला: जड ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठाले कपॅसिटर आणि रेग्युलेटर. 15-0-15चा ट्रान्सफॉर्मर पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन स्वतः वजन पाहून आणलेला. दुकानदार म्हणाला, "साहेब, याहून हलका आणि स्वस्त पण आहे." सप्लायकरने त्याला तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांतला फरक समजावून सांगितला. दुकानदाराला तो ठाऊक होता. मागे उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकांनाही झाला.

रेग्युलेटर बसवण्याचा त्याचा सोहळा मात्र खरोखर पाहावा. अधिकच्या बाजूला 7812, उण्याला 7912. दिसायला जुळे, स्वभाव उलटे. 7812च्या पाठीचा पत्रा ग्राउंडशी जोडलेला असतो. 7912चा इनपुटशी, म्हणजे कच्च्या उणे वीसेक व्होल्टशी. दोघांना एकाच हीट सिंकवर तसेच आवळले की शॉर्ट. म्हणून मध्ये अभ्रकाचं पातळ पान, स्क्रूभोवती प्लॅस्टिकचं बुश, दोन्हीकडून पांढरी पेस्ट. पेस्ट तो काडेपेटीच्या काडीने लावतो, कडेपर्यंत, आणि उजेडाकडे धरून पाहतो. स्क्रू आवळला की मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक पत्र्याला, एक हीट सिंकला. श्वास रोखलेला. बीप वाजत नाही. त्याचा चेहरा खुलतो. काहीच वाजलं नाही म्हणून इतका आनंद होणारा संगीतप्रेमी दुसरा नसेल.

तरी थेट सॉकेटमध्ये पिन घालायची नाही. आधी सिरीज बोर्ड. 60 वॅटचा पिवळा बल्ब सप्लायच्या वाटेत बसवायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, नसेल तर क्षणभर चमकून मंदावतो. घरातला शेवटचा पिवळा बल्ब या कामासाठी राखून ठेवलेला आहे, आणि देवघराला एलईडी लागला त्यामागचं कारण तेच.

वायरिंगबद्दल तो बोलू लागला की ऐकणाऱ्याने घड्याळ काढून ठेवावं. मॉड्यूल्सना वीज वाटणाऱ्या एका बसबोर्डावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी माळ त्याला खपत नाही. प्रत्येक बोर्डाला सप्लायपासून स्वतंत्र जोडी. दोन अँपिअरसाठी अडीच स्क्वेअरची वायर, दोन्ही टोकांना लग, लगवर स्लीव्ह, स्लीव्हवर नंबर. हा नुसता सोवळेपणा आहे असं वाटेल, आणि थोडा आहेच. पण त्याचं गणित बिनचूक असतं. या दुनियेत एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. सप्तकात बारा स्वर, तेव्हा एका स्वराच्या वाट्याला साधारण 83 मिलिव्होल्ट. आपल्या शास्त्रात सर्वांत लहान श्रुतीचं अंतर 22 सेंटच्या आसपास धरतात. ते होतं 18 मिलिव्होल्ट. दीड स्क्वेअरच्या मीटरभर तांब्यातून दोन अँपिअर गेले की सुमारे 24 मिलिव्होल्ट वाटेतच गळतात. ग्राउंडच्या वायरीत ते गळले, तर दोन बोर्डांचा शून्य वेगवेगळा होतो आणि ऑसिलेटर आख्ख्या एका श्रुतीने चळतो. संगीतातला श्रुतिविचार इतक्या थेट केबल साइझिंगमध्ये उतरवणारा माणूस भोसरीतच निपजू शकतो.

आणि हम. आपली वीज 50 हर्ट्झची. ब्रिजमधून गेल्यावर तिची लहर 100ची होते. हार्मोनियमवर लावून पाहिलं तर हा सूर खालच्या पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. सप्लायकरला स्वरज्ञान नाही, पण हा एक सूर तो कुठेही ओळखतो. देवळातल्या अँप्लिफायरमध्ये, रिक्षातल्या स्पीकरमध्ये, रामकृष्ण मोरे नाट्यगृहात ऐन नाटकातही. नायिका रडत असते, हा कुजबुजतो, "ग्राउंड लूप आहे."

घरातली केस कारखान्याच्या शिस्तीत उभी आहे. दर्शनी बाजूला एमसीबी, मागे अर्थिंगचा बोल्ट, दारावर ड्रॉइंग चिकटवलेलं, रिव्हिजन नंबरसह. उजव्या कोपऱ्यात लाल छत्रीचं इमर्जन्सी पुशबटन. वाद्याला इमर्जन्सी कसली येणार, हा प्रश्न बायकोने विचारला होता. "अहो, ते भाजीच्या गाडीच्या भोंग्यासारखं वाजलं तर बंद करायला का?" तो गंभीरपणे म्हणाला, "ऑडिटला लागतं." ऑडिट करायला कोण येणार हे त्याने सांगितलं नाही, पण व्हेंडर ऑडिटमध्ये इतकी वर्षं गेलेल्या माणसाला कुणीतरी येणारच अशी खात्री असते.

रिबन केबलचा विषय निघाला की त्याच्यातला क्वालिटीवाला जागा होतो. युरोरॅकच्या सोळा पिनी कनेक्टरला ओळीने उणे 12, ग्राउंड, अधिक 12, अधिक 5 आणि शेवटी नियंत्रणाचे दोन संकेत. दहा पिनी असेल तर फक्त पहिल्या तीन गोष्टी. केबलच्या एका कडेला लाल पट्टी. ती असते उणे 12ची. लाल म्हणजे प्लस हे बाराखडीच्या आधी शिकलेल्या माणसाला हा संतापजनक प्रकार वाटतो. खाचेचा कनेक्टर असेल तर उलटा बसत नाही, त्याला तो अभिमानाने "पोका-योके" म्हणतो. पण पुष्कळ बोर्डांवर नुसत्या उघड्या पिना असतात आणि उलटी केबल त्यांत सुखाने बसते. काही मॉड्यूल्समध्ये रक्षणाला डायोड असतो, काहींत नसतो.

बाणेर-औंधकडचे खरेखुरे वाजवणारे त्याच्याकडे येतात ते याच कारणाने. एखादा मुलगा युरोपातून मागवलेलं, कस्टम ड्यूटी भरून सोडवलेलं मॉड्यूल टिश्यूत गुंडाळून घेऊन येतो. सप्लायकर ते आधी नाकाशी नेतो. मग भिंग. मग एक हलकंसं "हं". जळून काळी पडलेली जागा बोटाने दाखवत तो विचारतो, "पट्टी कुठल्या बाजूला होती?" मुलगा गप्प. "व्हाय-व्हाय करूया," सप्लायकर म्हणतो, आणि पाच वेळा 'का' विचारून पाचव्या उत्तराला मुलाला रडवेला करून ठेवतो. दुरुस्ती मात्र चोख करतो, पैसे घेत नाही आणि जाताना प्रत्येक केबलवर मार्करने बाण काढून देतो.

गल्लीतल्या मंडळाची मुलंही येतात. "दादा, तुमच्याकडे साउंडचं काहीतरी आहे म्हणे. आमच्या मिक्सरला सारखी घरघर येतेय." हा मंडपात जातो, अर्थिंगची हिरवी वायर धरून तिच्या मागोमाग चालत राहतो आणि ती एका बांबूला गुंडाळून संपलेली आढळते. त्या रात्री त्याला आरतीचा मान मिळतो. त्याच्या सिंथेसायझरला असा मान अजून मिळायचा आहे.

इतिहास त्याला आवडतो, पण त्याच्या पद्धतीने. अहमदाबादच्या एनआयडीत 1969 साली डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर उभा केला, गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर काम केलं, आणि त्या फिती 2023 साली 'द एनआयडी टेप्स' म्हणून प्रसिद्ध झाल्या, हे कुणीतरी त्याला भारावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अमेरिकन मशीन, म्हणजे 110 व्होल्ट. स्टेपडाऊन कुठला लावला होता?" मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये टीबी-303 आणि टीआर-808 घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले, ही तबकडीही त्याला ऐकवण्यात आली. 303 चार सेलांवरही चालते हे कळल्यावर त्याने आदराने मान हलवली. बॅटरीला हम नसतो.

त्याची सुट्टी गुरुवारची, कारण या पट्ट्यातल्या उद्योगांचा सुट्टीचा वार तोच. वाजवण्याचा मुहूर्तही म्हणून गुरुवारचाच. आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवायला वीज कंपनीलाही नेमका गुरुवार सोयीचा. दहा वाजता तो केससमोर बसतो, सव्वादहाला पंखा थांबतो. अशा वेळी दुसरा कुणी चिडला असता. हा स्क्रू पुन्हा आवळायला घेतो. थंड असतानाच आवळलेले बरे.

अलीकडे एक सुधारणा झाली आहे. अधिक 12 बाजूला मीटर 12.01 दाखवतो, उण्याला 11.99. हम नाही, हीट सिंकला हात लावून धरता येतो, दोन्ही मॉड्यूल्सचे दिवे लागतात. मुलीने एक कॉर्ड इकडून तिकडे खोचली आणि चक्क आवाज आला, लांबलचक आणि स्वच्छ. तिने नॉब फिरवून त्याला वर नेलं, खाली आणलं, वर्गात शिकवलेली सरगम बसवायला लागली. सप्लायकर तेवढ्या वेळात मागच्या बाजूला टॉर्च घेऊन वाकला होता. अधिक 5 व्होल्टची स्वतंत्र रेल त्याने हौसेने काढली होती, तिलाही फ्यूज, तिलाही दिवा, आणि त्याच्याकडच्या दोन्हीपैकी एकाही मॉड्यूलला 5 व्होल्ट लागत नव्हते. रेल रिकामी पडलेली. आता तो 5 व्होल्टवर चालणारं एखादं मॉड्यूल शोधतो आहे. ते काय वाजवतं याची चौकशी त्याने अजून केलेली नाही, करंट किती घेतं ते मात्र विचारून ठेवलं आहे.