मृग अजून रिकामा झालेला नाही

मी शिवाजीनगरला राहतो. शिमला ऑफिस घरापासून चालत सात मिनिटांवर. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते शिमला ऑफिस. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव आणि बसथांबा तेवढे इथेच राहिले. त्या थांब्यावर मी नोकरीची तेहेतीस वर्षं बसची वाट बघत काढली. वेधशाळेच्या कुंपणाशी इतका काळ उभं राहिलं की हवामानशास्त्र आपोआप अंगात मुरतं, असा माझा समज आहे. म्हणजे होता. सोसायटीत मला ‘कुलाबा’ म्हणतात. बरीच वर्षं मी तो मान समजत होतो.

२०२५ चा मे महिना आठवा. वळीव म्हणावं तर वळवासारखा येऊन जात नाही आणि मान्सून म्हणावं तर तारीख बसत नाही, असा पाऊस राज्यभर चालला होता. यंदा मान्सून केरळात २७ मे रोजी पोचेल, त्यात चार दिवस मागेपुढे, असं खात्याने आधीच सांगून ठेवलं होतं. पण खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हा विनोद माझे वडील करत, मी करतो, आणि माझी नात पुढे चालवेल अशी लक्षणं आहेत. शिवाय त्या शनिवारी सकाळी पुण्यात तासभर चांगलं ऊन पडलं. तेवढं मला पुरलं.

गच्चीवर बायकोच्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून, सोऱ्याने पाडलेल्या दोनशे कुरडया. आणि आम्ही निघालो होतो दोन रात्रींसाठी मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची लेकीने दिलेली भेट.

“अर्धवट ओल्या आहेत. आत पंख्याखाली घालू का?” बायकोने विचारलं.

“अजिबात नको. मृग लागतो सात-आठ जूनला. त्याआधी पडतो तो पाऊस नव्हे, शिंतोडे. सोमवारी येशील तेव्हा कडकडीत वाळलेल्या असतील.”

तिने वरून जुनी साडी अंथरली आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. मी खाली जाऊन गाडीच्या डिकीतल्या दोन्ही छत्र्या काढून जिन्याखाली ठेवल्या. माझ्या स्वतःच्या हातांनी. जागा अडवत होत्या.

रिसॉर्टची कल्पना होती ‘हरवलेलं गाव’. पार्किंगपासून स्वागतकक्ष पन्नास पावलांवर, पण तिथपर्यंत बैलगाडीनेच जायचं. दारात नऊवारीतल्या मुलीने ओवाळलं, एकाने डोक्यावर फेटा चढवला, दुसऱ्याने हातात कुल्हड दिलं. आमच्या मुलखात कुल्हड कधी होतं कोण जाणे, पण गाव हरवलेलंच असल्यामुळे ते नेमकं कुठलं हे विचारायची सोय नव्हती. झोपड्यांच्या भिंतींना शेणाने सारवल्याच्या रंगाचा डिस्टेंपर. एसी वेताच्या टोपलीत लपवलेला. जेवणघरात मोठी चूल, तिच्या पोटात गॅसची शेगडी. रातकिड्यांचा आवाज एका दगडातून येत होता. नातीने तो दगड उलटा केला तेव्हा त्याला वायर निघाली.

झोपड्यांना पावसाच्या नक्षत्रांची नावं होती. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी ओळीने, टोकाला सगळ्यात मोठी आणि महागडी हस्त. लेकीने आमच्यासाठी ‘मृग’ घेतलं होतं.

“सॉरी सर, मृग अजून रिकामा झालेला नाही,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला. “उद्या होईल. आज तुम्हाला पुष्य देतो.”

पुनर्वसूच्या पावसाला शेतकरी तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा, हे मला माहीत होतं. दुर्दैवाने बायकोलाही माहीत होतं. शेजारच्या पुनर्वसूत नवं लग्न झालेलं जोडपं उतरलं होतं. त्यांच्याकडे बघून ती माझ्याकडे वळली आणि किल्ली वाजवत म्हणाली, “चला, म्हाताऱ्यात.”

दुपारी आभाळ भरून आलं. जावई मोबाइल बघत होते. “बाबा, मान्सून केरळात पोचला म्हणे. आज जाहीर केलंय.”

म्हणजे १ जूनचा पाहुणा २४ मे रोजी दारात. खात्याचा अंदाज त्या चार दिवसांच्या आत बरोबर बसला होता. या गोष्टीची नोंद घेण्याऐवजी मी बोट वर केलं. “केरळ म्हणजे पुणे नव्हे. केरळात १ जून, मुंबईत ११ जून. दहा दिवस लागतात. म्हणजे आपल्याकडे ३ जूनच्या आत येणं शक्यच नाही. साधं गणित आहे.”

जावई ‘हो बाबा’ म्हणाले. त्यांच्या कंपनीत साहेबाला हेच उत्तर देत असावेत.

पाच वाजता ‘पारावरच्या गप्पा’ होत्या. वड सिमेंटचा, पारंब्या काथ्याच्या. पारावर मुंडासं बांधलेले एक आजोबा बसले होते आणि ते मात्र खरे होते. जवळच्याच गावचे, भातशेती करणारे, शनिवार-रविवार इथे आजोबा म्हणून येणारे. भोवती मुलं बसली होती. कावळ्याने घरटं शेंड्यावर बांधलं तर पाऊस कमी, मधल्या फांदीवर बांधलं तर बरा. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस जवळ आला. बहावा फुलला की तिथून दीड महिना मोजायचा. आजोबा रंगवून सांगत होते. “आन् पावशा वरडाया लागला, की समजायचं, आता धा-पंधरा दिसांत पाऊस येनार.”

हे वाक्य संपतं न संपतं तोच आला. टपोरे थेंब, मग सरी, मग पडदाच. मुलं पळाली. काथ्याच्या पारंब्यांतून चहाच्या रंगाचं पाणी गळू लागलं आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याचे ओघळ उतरले. आजोबा आणि मी पारामागच्या पडवीत उभे राहिलो.

आता गप्प बसावं ना? पण श्रोता आयता मिळाला होता. मी त्यांना समजावून सांगितलं की हा मान्सून नाही, मान्सूनपूर्व आहे. मान्सून जाहीर करायला केरळ आणि आसपासच्या चौदा ठिकाणांपैकी साठ टक्के ठिकाणी लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर पाऊस लागतो, वाऱ्यांची खोली बघावी लागते. खात्याने २०२० साली जुन्या नोंदी पुन्हा तपासून तारखा बदलल्या. मुंबईत यायची तारीख १० जूनची ११ जून झाली आणि तिथून परत जायची २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबर.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटच्या तारखेला मात्र मान हलवली. “ते बराबर हाय. भात कापाया घ्यावं तर हा हायेच उभा. दोन वर्सं मी कापलेलं भात पान्यातनं वेचलंय.” मग थोडं थांबून म्हणाले, “साहेब, येवढं तुमाला ठावं हाय, तर वाफसा कधी यील त्ये सांगतंय का तुमच्या त्यात?”

मला तो शब्द माहीत होता. अर्थ विचारला असता तर मी घसरलो असतो. आजोबांनी विचारला नाही, सांगितला. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली तर हवी, पण चिखल नको. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला तर फुटावा. तो वाफसा. तो आल्याशिवाय नांगर घालता येत नाही. आणि मेच्या अखेरीला तर त्यांना वाफसाही नको होता, कोरडी धूळ हवी होती. धूळवाफेवर भाताचं बी टाकायचं, वरून मृग पडला की उगवून येतं. यंदा राब कसाबसा भाजून झाला होता, पण वाफ्यांत आता गुडघ्याएवढा ट्रॅक्टर रुतेल. बियाणं पोत्यात, पेंढा उघड्यावर, वर्षाचं सरपण आणि गोवऱ्याही उघड्यावर.

“गोवऱ्या झाकल्या नाहीत?” मी विचारलं.

“झाकनार हुतो ना जूनच्या पैल्या आठवड्यात. दर वर्सी तवाच झाकतो.”

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यासारखा विचार करणारा माणूस भेटला होता आणि मला अजिबात आनंद झाला नाही. कुरडयांची आठवण झाली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुंडासं रिसॉर्टचं होतं. ते काढून त्यांनी खुंटीला अडकवलं, खताच्या रिकाम्या गोणीची खोळ करून डोक्यावर घेतली आणि मोटारसायकलला लाथ मारून गोवऱ्या वाचवायला निघून गेले.

रात्री त्या दगडातले रातकिडे चालूच होते, पण बाहेर खरे बेडूक असे काही सुरू झाले की दगडाचं कोणी ऐकेना. पहाटे पुष्यात छताच्या एका कोपऱ्यातून ठिबकायला लागलं. बायकोने बैलगाडीवाल्याने दिलेला फेटा खाली अंथरला.

रविवारी सकाळी जेवणघराबाहेर फळा लागला होता. खडूने, सुवाच्य अक्षरात: ‘पावसामुळे रेन डान्स रद्द.’

मी ते तीनदा वाचलं. गावात रेन डान्स कसा, हा प्रश्न वेगळा. तो आता प्रत्येक हरवलेल्या गावात असतोच. मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, “सर, रेन डान्सला कोरडं हवामान लागतं. स्पीकर असतात.” नळाचं पाणी वरून पडतं तेव्हा स्पीकर कसे टिकतात ते सांगायला ते थांबले नाहीत.

मला गाडीतून बायकोची गोळ्यांची पिशवी आणायची होती. छत्र्या कुठे होत्या ते वाचकांना ठाऊक आहेच. रिसॉर्टकडे चारच छत्र्या होत्या आणि त्या हस्तवाल्यांनी नेल्या होत्या. तेव्हा माझं लक्ष पडवीतल्या भिंतीकडे गेलं. तिथे इरलं टांगलेलं होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर. डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, हात मोकळे. शेकडो वर्षं मावळातली माणसं ज्याच्या आधाराने लावणी करत आली, ते मला पन्नास पावलं नेणार नाही का? मी खुर्चीवर चढून ते काढलं आणि डोक्यावर घेतलं.

दहाव्या पावलाला कळलं की या इरल्याला शोभेसाठी व्हार्निश मारलेलं आहे. पानं जुनी, कोळ्यांनी वस्ती केलेली. विसाव्या पावलाला पहिला थर पाठीवरून घसरला. तिसाव्याला रखवालदाराने शिट्टी मारली. मी थबकलो, आणि तिथेच घात झाला. समोरून एक मोठं कुटुंब रेनकोट घालून येत होतं. त्यांनी बघितलं: तपकिरी डागांचा सदरा, डोक्यावर इरलं, पिकलेल्या मिश्या.

“अय्या, आजोबा आले! आजोबा, एक फोटो.”

मी नाही म्हणायच्या आत चौघं बाजूला उभी राहिली. फोटो झाला. मग त्यातला सात-आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, “आजोबा, खरा पाऊस कधी येणार ते सांगा ना. काल कावळ्याचं सांगितलं होतं तसं.”

इरल्यातून मानेवर पाणी उतरत होतं. मी गंभीरपणे म्हणालो, “बाळ, तांत्रिकदृष्ट्या हा अजून मान्सून नाही. तो इथे यायला किमान ३ जून उजाडेल.”

मुलगा माझ्याकडे, मग आभाळाकडे, मग आईकडे बघत राहिला. “हे वेगळे आजोबा आहेत,” तो म्हणाला. “कालचे बरे होते.”

त्याच्या वडिलांनी माझ्या हातात पन्नासाची नोट ठेवली. रखवालदार येऊन पोचेपर्यंत मी ती खिशात टाकलेली होती. इरल्याची किंमत नंतर बिलात लागली, तेव्हा हे पन्नास रुपये त्यातून वजा करून घ्यायचं मला सुचलं नाही.

दुपारी काउंटरवरचा मुलगा धावत आला. “सर, गुड न्यूज. मृग लवकर रिकामा झाला. लोक पावसाला घाबरून गेले.” पंचवीस तारखेलाच आम्ही मृगात शिरलो. तिथे गळत नव्हतं.

सोमवारी, २६ मे रोजी, परतीच्या वाटेवर गाडीचा वायपर पूर्ण वेगात आणि काचेबाहेर काही दिसत नाही, अशा वेळी बातमी लागली. मान्सून मुंबईत आणि पुण्यात दाखल. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदींमध्ये कधी आलेला नव्हता. याआधीचा विक्रम २९ मेचा होता. केरळातून दहा दिवसांचा रस्ता त्याने दोन दिवसांत कापला होता. मी एक्सप्रेसवेने मुंबईला निघालो तर खंडाळ्याच्या घाटातच अर्धा दिवस जातो. मागच्या सीटवर जावई काहीही बोलले नाहीत. संस्कारी मुलगा आहे.

“आता हा मान्सून का?” बायकोने विचारलं.

“हो. आता आहे.”

“बरं. कालपर्यंत भिजलो ते मान्सूनपूर्व होतं ना? मला वाटलं नुसतं पाणीच आहे.”

घरी पोचल्यावर मी आधी गच्चीवर गेलो. चारही विटा जागच्या जागी होत्या. साडीही तशीच अंथरलेली होती. ती उचलली, तर खाली एकही कुरडई नव्हती. प्लास्टिकच्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा, पातळ गव्हाचा चीक होता.