सायकलची घंटी ठेवलीत, आभारी आहोत

श्री. मायकेल गोल्डनबर्ग यांस,



तुमची-आमची ओळख नाही. पण हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांपैकी सातांच्या पटकथा स्टीव्ह क्लोव्हज यांच्या नावावर आहेत आणि उरलेली एक, ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’ची, तुमच्या. त्यामुळे या खटल्यात आरोपी कोण, हा प्रश्नच येत नाही. दिग्दर्शक डेव्हिड येट्स, संकलक, स्टुडिओतले साहेबलोक हे सहआरोपी आहेतच, कात्रीला धार त्यांनीही लावली असणार. पण समन्स कुणा एकाच्या नावे काढावं लागतं आणि श्रेयनामावलीत नाव तुमचं आहे.

आधी अभिनंदन. मालिकेतलं हे सगळ्यांत जाडजूड पुस्तक. ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानं, ३८ प्रकरणं. ते तुम्ही १३८ मिनिटांत हातावेगळं केलंत. तोवर आलेल्या पाच चित्रपटांत हा सर्वांत आखूड. दुसरं पुस्तक अवघं २५१ पानांचं, पण त्याच्यावरचा चित्रपट १६१ मिनिटांचा. म्हणजे पानं तिपटीनं वाढली आणि मिनिटं तेवीसनं घटली. प्रकरणामागे जेमतेम साडेतीन मिनिटं. पुढच्या घरची पूजा खोळंबली असली की आमच्याकडचे गुरुजी सत्यनारायणाची पोथी याच वेगानं वाचतात. पण कितीही घाई असली तरी कलावती प्रसाद टाकून धावली म्हणून नौका बुडाली, एवढं ते सांगतातच. तुम्ही नौका बुडवलीत आणि प्रसाद गाळलात.

पुस्तकातला स्वल्पविरामही हलता कामा नये म्हणणाऱ्या भक्तांपैकी मी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाचव्या पुस्तकाला चरबी आहे. ग्रिमॉल्ड प्लेस या घराची ती साफसफाई संपता संपत नाही. क्विडिचचा खेळ तुम्ही मुळासकट काढलात, उपकारच झाले. हॅरी पानंच्या पानं कॅपिटल अक्षरांत ओरडतो, तेही कमी केलंत, कानांना बरं वाटलं. आणि जादू मंत्रालयानं शाळेवर बसवलेल्या अम्ब्रिजबाई! गुलाबी लोकर, मांजरांच्या चित्रांच्या बशा आणि इमेल्डा स्टॉन्टन यांचं ते गोड, लहानसं खोकणं. शाळेच्या भिंतीवर हुकूमनाम्यांच्या चौकटी एकावर एक ठोकत सुटलेला राखणदार फिल्च आणि त्याची ती उंचच उंच शिडी ही तर पुस्तकालाही न सुचलेली गोष्ट. तेव्हा तुम्हाला काम येत नाही, असं म्हणायची सोय नाही. म्हणून तर राग जास्त आहे.

आता आरोप. पहिला आरशाचा.

पुस्तकात नाताळच्या सुटीनंतर निघताना हॅरीचा फरारी धर्मपिता सिरियस त्याच्या हातात एक पुडकं देतो. माझी गरज लागली तर वापर, म्हणतो. हॅरी ठरवतो की ते उघडायचंच नाही, कारण आपल्यापायी सिरियसनं घराबाहेर पडून जिवाला धोका ओढवून घ्यावा असं त्याला वाटत नाही. पुडकं ट्रंकेच्या तळाशी जातं. पुढे जादू मंत्रालयात सिरियसचा छळ चाललाय असं स्वप्न पडतं, हॅरी अम्ब्रिजच्या खोलीत घुसून तिची शेकोटी वापरतो, पकडला जातो, तिथून मंत्रालयात पोचतो आणि सिरियस मरतो. सगळं संपल्यावर ट्रंक भरताना ते पुडकं हाताला लागतं. आत जुनाट आरसा. त्याचा जोड सिरियसकडे. नाव घेतलं की समोर त्याचा चेहरा. म्हणजे अर्धं मिनिट खर्च केलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. पोरगा त्या आरशात पाहून सिरियसला हाक मारतो. उत्तर येत नाही. तो आरसा ट्रंकेत फेकतो आणि आरसा फुटतो.

हे तुम्ही कापलंत. एका पुडक्याला पडद्यावर किती वेळ लागला असता? देताना वीस सेकंद, उघडताना चाळीस. त्या एका मिनिटाच्या बचतीपायी सातव्या पुस्तकावरच्या चित्रपटाच्या पहिल्या भागात हॅरीच्या हाती आरशाचा एक तुकडा येतो आणि त्यात निळा डोळा दिसतो. हा तुकडा कुठला, कुणी दिला, याचा थिएटरातल्या प्रेक्षकाला पत्ता नाही. पुस्तक वाचलेली पोरं काळोखात शेजारी बसलेल्या आईबापांना समजावून सांगत होती. तुमचं काम त्या पोरांनी फुकटात केलं. त्यांचं मानधन कुठे मागायचं तेही कळवा.

तुमची बाजूही मांडतो, म्हणजे पक्षपात केला असं नको. तुमचा चित्रपट जुलै २००७ मध्ये आला आणि सातवं पुस्तक त्यानंतर जेमतेम दहा दिवसांनी, २१ जुलैला. गोष्टीचा शेवट ठाऊक नसताना तुम्ही कापत होता. मग शहाणा माणूस काय करतो? जपून कापतो. तुमच्या चमूनं तर क्रीचर या घरगड्या एल्फालाच नारळ द्यायचं ठरवलं होतं. त्याला काढाल तर पुढे अडकाल, असं खुद्द रोलिंगबाईंनी बजावलं म्हणून तो वाचला. बाईंचा शब्द तुम्ही कसा पाळलात, ते मात्र पाहण्यासारखं आहे. क्रीचर ठेवलात आणि त्याचं काम काढून घेतलंत! पुस्तकात हॅरी शेकोटीतून सिरियसची चौकशी करतो तेव्हा सिरियस घरात नाही, असं धडधडीत खोटं क्रीचर सांगतो. धन्यानं त्याला आयुष्यभर कस्पटासमान वागवलं, त्याचं हे व्याज. मुख्याध्यापक डंबलडोर ते हॅरीला ऐकवतातही, आणि हॅरीला ते ऐकवत नाही. तुमचा क्रीचर जिन्यात पुटपुटतो आणि निघून जातो. हजेरीपटावर सही, दिवसभर काम नाही. आमच्याकडे अशा नेमणुका सरकारी खात्यात होतात, हॉलिवूडमध्येही होतात हे नव्यानं समजलं.

ग्रिमॉल्ड प्लेसच्या त्याच साफसफाईत एक जड लॉकेट सापडतं, कुणालाच उघडत नाही, म्हणून बाजूला पडतं. पुस्तकात त्याची किंमत एका ओळीची. पुढच्या दोन पुस्तकांचा डोलारा त्या ओळीवर उभा आहे. ती ओळही गेली. असो. हे तुम्हाला ठाऊक असणं शक्य नव्हतं, म्हणून इथे संशयाचा फायदा देतो.

दुसऱ्या आरोपात तो देता येत नाही.

सेंट मंगोज या इस्पितळाचं तेविसावं प्रकरण तुम्ही वाचलंच असेल. नेव्हिल लाँगबॉटम, वर्गातला सगळ्यांत वेंधळा मुलगा, नाताळात आजीबरोबर तिथल्या बंद वॉर्डात सापडतो. त्याच्या आईबापांना छळून छळून वेड लावलंय; ती दोघं तिथे वर्षानुवर्षं आहेत. आई झोपेतल्यासारखी चालत येते आणि मुलाच्या हातात काहीतरी ठेवते. च्युइंगगमचा रिकामा कागद. आजी म्हणते, टाक तो कचऱ्यात, असल्या कागदांनी खोलीची भिंत मढवता येईल एवढे दिलेत तिनं तुला. नेव्हिल थँक्स मम म्हणतो. आणि कुणाचं लक्ष नाहीसं पाहून कागद खिशात घालतो.

बस्स, एवढंच. खर्च शून्य. ना ड्रॅगन, ना कॉम्प्युटरवर रंगवलेलं आकाश. एक बाई, एक मुलगा, एक कागद. तुमच्या चित्रपटात नेव्हिल एका फोटोसमोर उभा राहून ही हकिगत तोंडी सांगतो. सांगतो चांगली, पोराचा दोष नाही. पण जे दिसायला हवं होतं ते ऐकवलंत.

आणि वेळ नव्हता म्हणावं, तर ग्रॉप आहे! हॅरीचा दोस्त हॅग्रिड याचा सोळा फुटी सावत्र भाऊ, ज्याच्यावाचून पुस्तकातही कुणाचं अडलं नसतं. त्याच्यासाठी जंगल आहे, स्पेशल इफेक्ट्स आहेत, आणि तो हॅरीच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, सायकलचं मोडकं हँडल भेट देतो, त्याची घंटी वाजवून दाखवतो, एवढा निवांत वेळसुद्धा आहे. सायकलच्या घंटीला जागा मिळाली. आईनं दिलेल्या कागदाला नाही.

तिसरा आरोप हॅरीला आवडणाऱ्या चो चँगच्या वतीनं. तिला विचारलेलं नाही, पण ती नाही म्हणणार नाही.

अम्ब्रिजच्या नकळत हॅरी घेत असलेल्या गुप्त वर्गाची चहाडी पुस्तकात मॅरिएटा नावाची मुलगी करते. का? तिची आई मंत्रालयात नोकरीला आहे. मुलगी घाबरलेली आहे, घरचा पगार तिला दिसतो. चो तिची मैत्रीण. ती तिची बाजू घेते, त्यावरून हॅरीशी भांडते, आणि दोघांचं फाटतं. अम्ब्रिजचं राज्य नेमकं कशावर चालतं, ते इथे कळतं. फटक्यांवर आणि फर्मानांवर कमी, कुणाच्या तरी आईच्या नोकरीवर जास्त. आणीबाणीत मोठे झालेल्या आमच्या पिढीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तुम्ही मॅरिएटाला घरी बसवलंत आणि चहाडी चोच्या गळ्यात मारलीत. मग वाईट दिसायला नको म्हणून खुलासा जोडलात, की तिला सत्य वदवणारं औषध पाजलं होतं. म्हणजे गद्दारी झाली, पण कुणीच केली नाही! औषधानं केली. भीती नाही, नोकरी नाही, मैत्रीण नाही. हा खुलासा स्नेपमास्तर बोलता बोलता करतो, हॅरी ऐकतो, आणि त्या मुलीला ‘माझं चुकलं’ एवढं कुणी म्हणत नाही. पुढच्या चित्रपटातही नाही. एवढ्या खर्चिक सेटवर दोन शब्दांची माफी महाग पडली का?

स्नेपच्या आठवणीबद्दल थोडक्यात: तरुण जेम्स, म्हणजे हॅरीचा बाप, त्याला उलटा टांगतो, ते तुम्ही ठेवलंत, मध्ये पडणारी हॅरीची आई लिली काढलीत, आणि स्नेप तिलाच घाणेरडी शिवी देतो ते काढलंत. त्या शिवीमुळे त्यानं काय गमावलं, यावर पुढचं त्याचं सगळं आयुष्य उभं आहे. तुमच्याकडे उरली ती शाळेतली एक रॅगिंग.

चित्रपटानं जगभरात ९० कोटी डॉलरांच्या वर गल्ला जमवला, तेव्हा ही तक्रार तुम्हाला टोचणार नाही, जाणून आहे. एक हिशेब मात्र सांगून ठेवतो. सातवं पुस्तक ६०७ पानांचं. त्याचे दोन चित्रपट झाले, १४६ आणि १३० मिनिटांचे. बेरीज २७६, तुमच्या बरोब्बर दुप्पट. पुस्तक तुमच्याहून दीडशे पानांनी बारीक. वेळ नव्हता ही सबब त्या दिवशी बाद झाली.

आता एचबीओ या पुस्तकांवर नव्यानं मालिका काढत आहे आणि तिथे तासांची चणचण नाही. त्यांच्या लेखकांपैकी कुणी सल्ल्यासाठी फोन केलाच, तर कृपया खरं ते सांगा: ग्रॉपला वाटल्यास कापा, पण पुडकं ट्रंकेत राहू द्या, आणि मॅरिएटाला तिच्या आईसकट बोलवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक वाचक