शिष्टमंडळाचे भाऊ

डिसेंबरात नागपूरला रविभवनाच्या फाटकाशी उभं राहिलं की भाऊ लगेच ओळखू येतात. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, वर जॅकेट, काखेत प्लॅस्टिकची फाइल आणि मागे नाश्ता झाला नाही म्हणून कुरकुरणारे सात जण. भाऊ विदर्भातल्या कुठल्याही नगरपरिषदेचे असू शकतात. कधी उपाध्यक्ष असतात, कधी पाणीपुरवठा सभापती. मध्यंतरी बऱ्याच नगरपरिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक होता, तेव्हा नुसतेच ‘माजी’ होते. पण फाइल काही काखेतून सुटली नाही.

१९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षाला निदान एक अधिवेशन इथे भरवायचं ठरलं. तो करार आपल्यासाठीच झाला, अशी भाऊंची समजूत आहे. मुंबईला मंत्रालयात जायचं तर रेल्वेचं आरक्षण काढा, पाससाठी रांग लावा. इथे सरकार स्वतः चालत येतं. कोण मंत्री रविभवनात, कोण नागभवनात, हे भाऊंना पाठ. रामगिरीवर मात्र मुख्यमंत्री. तिथे आमदारसाहेब सोबत असल्याशिवाय भाऊ पाऊल टाकत नाहीत.

मंत्री भेटत नाहीत, असं कुणी म्हटलं की भाऊ उसळतात. “काहून नाही भेटणार? भेटाले का पैसे लागते?” मला विचाराल तर भेट हा सरकारजवळचा कधीही न आटणारा एकमेव निधी आहे. भाऊंचा यावर अभ्यासही आहे. कॅबिनेट मंत्री उभ्याउभ्या भेटतो, राज्यमंत्री बसवून चहा पाजतो. हातात जितकं कमी, तितकी भेट लांब.

त्या हिशेबाने २०२४चं अधिवेशन म्हणजे सुवर्णकाळ. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. १६ला अधिवेशन सुरू झालं, २१ला संपलं आणि खातेवाटप जाहीर झालं ते अधिवेशन संपल्यावर. सहा दिवस गावात मंत्रीच मंत्री, आणि त्या ३९ जणांत खातं कुणालाच नाही! भाऊंनी वाढीव पाणीपुरवठ्याचं एकच निवेदन दिसेल त्या मंत्र्याला दिलं. सगळ्यांनी इतकं मनापासून ऐकलं, की भाऊंना भरून आलं. आपलं खातं कोणतं हेच ज्याला ठाऊक नाही, तो नाही तरी कशाच्या जोरावर म्हणणार?

एरवी भेट मिनिटभराचीच. पीए हाक मारतो, “चला, पाणीवाले!” सगळे एकदम आत घुसतात. शाल, पुष्पगुच्छ, मग निवेदन. कागदाचं एक टोक मंत्र्यांच्या हातात, दुसरं भाऊंच्या; उरलेले सात जण निदान बोट तरी लागावं म्हणून वाकलेले. नऊ माणसं एका कागदाला धरून उभी असतात आणि कागदाकडे एकजणही बघत नाही, सगळे मोबाइलकडे. फोटोवाला “आणखी एक” म्हणाला, की मंत्री निवेदन परत करतात आणि पुन्हा स्वीकारतात. मग समासात तिरका शेरा पडतो: ‘तपासून सादर करावे.’ बाहेर आल्यावर भाऊ तो सगळ्यांना वाचून दाखवतात. तर्री-पोह्याची प्लेट हातात येईपर्यंत गावच्या ग्रुपवर फोटो गेलेला असतो: ‘मंत्रिमहोदयांशी सकारात्मक चर्चा.’

एकदा मी आगाऊपणा केला. म्हटलं, “भाऊ, ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय नगरपालिकांसाठी दिलेत. पाणीपुरवठा त्यातच आहे. मग इथे कशाला येता?”

भाऊंनी माझ्याकडे शाळकरी पोराकडे बघावं तसं बघितलं. “विषय आमचाच आहे ना बाप्पा. पैसे त्याईचे आहेत.”

मार्चमध्ये निवेदनाला उत्तर आलं. प्रस्ताव विहित मार्गाने, म्हणजे नगरपरिषदेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सादर करावा. थोडक्यात, जिथून निघालात तिथे परत जा. घरात सगळ्यांना वाटलं, आता भाऊ खचणार. भाऊंनी पत्राला भोकं पाडली, फाइलला लावलं आणि फोन उचलला.

“अरे, उत्तर आलं ना साहेबाचं! डिसेंबरची गाडी आत्ताच सांगून ठेव. आभार मानाले जा लागते.”