ससा दर शनिवारी मरतो

(पश्चिम टेक्सस. मेस्किटच्या झुडपांचं रान, उन्हाळ्याची पहाट. कायोटी आणि बॅजर खारींच्या बिळांवर पाळत ठेवून बसलेत. दूरवर सशाची किंकाळी.)

बॅजर : ऐकलंत? नाश्ता ओरडतोय!

कायोटी : खाली बस. तो ससा गेल्या शनिवारीही तिथेच मेला होता.

बॅजर : दुसरा असेल.

कायोटी : आवाज तोच, दम खायची जागा तीच. खरा ससा एवढा वेळ ओरडत नाही रे, पकडणारा त्याला ओरडू देत नाही. यंत्र आहे ते. झुडपात भोंगा, शेजारी थरथरणारी खोटी शेपटी आणि लांब कुठेतरी पानापानांचे कपडे घालून, रिमोट धरून बसलेला माणूस.

बॅजर : तुम्हाला कोण सांगतं हे सगळं?

कायोटी : घराण्याची माहिती आहे. 1950 च्या दशकात मार्बल फॉल्सचे बर्नहॅम बंधू तोंडाने फुंकायच्या शिट्ट्या विकायचे. त्यात एक माणुसकी होती. फुंकणाऱ्याला धाप लागायची, तेवढी आपल्याला विश्रांती. पुढे वेकोच्या जॉनी स्टुअर्टने हे आवाज तबकड्यांवर भरले. आता डबीत शेकडो आवाज : ससा, उंदीर, हरणाचं पाडस, सुतारपक्षीसुद्धा! सुतारपक्ष्याचा आक्रोश रेकॉर्ड करायला बसलेल्या माणसाच्या घरच्यांचं मला फार वाईट वाटतं.

बॅजर : पण भूक लागलीय हो. मी आपला नाकासमोर जातो आणि बघून येतो.

कायोटी : तुझी जात अशीच येते. माणूस बसलेला असतो माझ्यासाठी आणि तू मध्येच डुलत डुलत, गुरगुरत हजर. बोलावणं नसताना पहिल्या पंगतीला.

बॅजर : विस्कॉन्सिनात मी राज्यप्राणी आहे. 1957 पासून. तिथे माझी शिकार करता येत नाही.

कायोटी : हे टेक्सस आहे. इथे तुझा मान बिळाच्या तोंडापर्यंत.

बॅजर : मग तुम्ही काय करता?

कायोटी : मोठा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो. डोळ्यांना, कानांना फसवता येतं. नाकाला कॉफीचा वास येतोच.

बॅजर : वा!

कायोटी : वा काय? त्यांनाही ते कळलंय. दुसरा माणूस बंदूक घेऊन आधीच त्या बाजूला बसवतात. आता मी बसूनच राहतो. पंधरा-वीस मिनिटांनी ते कंटाळतात, गाडीत बसतात, पुढच्या रानात दुसरा ससा मारतात. रानमांजराच्या नादाला लागले तर मात्र तासभर हलत नाहीत.

बॅजर : आपणही कामाला लागू. मी खणतो, खारी वर पळाल्या की तुम्ही धरा.

कायोटी : ठीक.

बॅजर : वाटणीचं काय?

कायोटी : वर आली ती माझी, खाली राहिली ती तुझी. वायोमिंगात शास्त्रज्ञांनी आपली भागीदारी अभ्यासली, दोघांचाही फायदा होतो म्हणाले.

बॅजर : शास्त्रज्ञांनी खणलं नाही ना.

(किंकाळी थांबते. क्षणभर शांतता. मग पिल्लाचं केविलवाणं कुईंकुईं. कायोटी ताडकन उभा राहतो.)

बॅजर : ससा संपला वाटतं. हे काय नवीन?

कायोटी : कायोटीचं पिल्लू.

बॅजर : डबीतलं?

कायोटी : डबीतलंच. उन्हाळ्यात मुद्दाम लावतात.

बॅजर : मग बसा.

कायोटी : आमचा धाकटा अगदी असाच रडतो.

बॅजर : तो बिळात झोपलाय.

कायोटी : तू बघितलंस?

बॅजर : अहो, शेकडो आवाज, रिमोट, कॉफी! आत्ताच तुम्ही...

कायोटी : सगळं ठाऊक आहे. पण हिनेही ऐकलं असेल. घरी गेल्यावर विचारेल, ‘लेकरू रडत होतं आणि तुम्ही खारी मोजत बसलात?’ तिला काय सांगू, तबकडी होती?

बॅजर : निदान वळसा तरी घाला.

कायोटी : वळसा घालायला वेळ लागतो.

बॅजर : मग थांबा, मीही येतो.

कायोटी : तू कशाला?

बॅजर : तो बसलाय तुमच्यासाठी. मध्येच मी डुलत गेलो तर कुठे नेम धरायचा, याचा त्याला जरा विचार करावा लागेल.

कायोटी : आणि त्याने तुझ्यावर धरला तर?

बॅजर : खणायला सुरुवात करीन. चला, तुम्ही मागे राहा. आणि वाटेत खार दिसली तर ती माझी.