पदवीधराचं खूळ

२४ सप्टेंबर २०२४ ला, मंगळवारी, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मुंबई विद्यापीठाच्या सिनेट निवडणुकीत मत द्यायला गेलो. मतदान खरं तर रविवारी व्हायचं होतं. ते ऐनवेळी थांबलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी भर कामाच्या दिवशी मतदान झालं. माझ्यापुढे साठी उलटलेल्या एक बाई उभ्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स होती. ती कुणी मागितलेली नव्हती. मी तसं म्हटल्यावर म्हणाल्या, “असू दे हो बरोबर. तिच्यामुळेच तर आलेय.”

ऑफिसात परतल्यावर एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं, “सर, तुम्हाला पास होऊन किती वर्षं झाली?” तीस, म्हटलं. तो काही बोलला नाही, पण चेहऱ्यावर प्रश्न स्पष्ट होता: मग आता तिथं तुमचं काय आहे?

काही नाही. आणि म्हणूनच मला या खुळाची मनापासून स्तुती करायची आहे.

विद्यापीठाशी ज्याचं त्याचं काही ना काही देणंघेणं असतं. विद्यार्थ्याचा निकाल अडकलेला असतो, प्राध्यापकाची बढती, संस्थाचालकाची मान्यता. पदवीधराचं काहीच अडकलेलं नसतं. मार्कशीट कपाटात आहे, नोकरी लागून गेली, अभ्यासक्रम बदलला तरी त्याचे मार्क बदलणार नाहीत. अशा माणसानं परीक्षेच्या वेळापत्रकाची, वसतिगृहातल्या पाण्याची, ग्रंथालयाच्या वेळेची काळजी करणं हे व्यवहारात बसत नाही. पण स्वतःला काही नको असलेला माणूस बोलतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात हिशेब नसतो. अशी माणसं प्रत्येक विद्यापीठाला हवी आहेत.

कायद्यानंही हे ओळखलेलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे सिनेटमध्ये नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले १० सदस्य असतात, त्यातल्या ५ जागा राखीव. सिनेटपुढे अर्थसंकल्प येतो, वार्षिक अहवाल येतो. शिक्षणाबद्दल समाजाला काय वाटतं, ते विद्यापीठाच्या कानावर घालणं हेही तिचं काम. म्हणजे पदवी ही नुसती पोचपावती नाही, तिच्यासोबत बसायला एक जागाही मिळते. त्या जागेवर कोण बसणार हे ठरवायला मात्र फार थोडे जण येतात. मुंबई विद्यापीठ दरवर्षी लाखाहून अधिक पदव्या देतं, आणि त्या मंगळवारच्या मतदारयादीत होते तेरा हजारांहून थोडे अधिक पदवीधर. मला या आकड्याचं वाईट वाटतं. त्या तेरा हजारांचं कौतुकही वाटतं.

अशा खुळ्या पदवीधरांच्या घराण्याचा मूळ पुरुष फार मोठा आहे. विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. बी.ए. झालेल्यांची पहिली तुकडी १८६२ ची, आणि तीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकर पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रानड्यांचं खूळ मला जास्त जवळचं वाटतं. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात अभिजात भाषांना मान होता आणि मराठीला जागा उरली नव्हती. रानडे १८९३ पासून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. दिवसभर खटले, शिवाय सामाजिक परिषद, अर्थकारणावरचं लेखन, इतिहास. डोळे अधू. एवढ्या सगळ्यात या माणसानं १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिलं. छापलेल्या पुस्तकांची संख्या मांडली, प्रकार लावले, कुठल्या विषयात काय लिहिलं गेलं ते दाखवलं, कारण मराठीत शिकवण्याजोगं काही आहे हे विद्यापीठाला पटवायचं होतं. बी.ए. होऊन तोवर ३६ वर्षं झाली होती. त्यांना स्वतःला कुठलीच परीक्षा द्यायची नव्हती. जानेवारी १९०१ मध्ये ते गेले. देशी भाषांसाठीचा हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नव्हता. आज मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पाठीशी तो आग्रह आहे. हे मी सांगतो तेव्हा माझा गळा दाटतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची नोंदणी हे याच खुळाचं दुसरं रूप. तिथं पदवीला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि मतदारयादी दर वेळी नव्यानं तयार होते. मागच्या खेपेला नाव होतं म्हणून या खेपेला असेल असं नाही. नमुना १८ पुन्हा भरायचा, पदवीची प्रत पुन्हा जोडायची. आमच्या रत्नागिरीच्या मावशीनं हे तीनदा केलं आहे. एकदा तर शेजारच्या चार जणींचे फॉर्मही तिनंच भरून दिले. तिची पदवी घडी करून ठेवलेली असते. घडीवर शाई पुसट झाली आहे, पण वर्ष अजून वाचता येतं.

सिनेटच्या मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे घालायचे असतात: एक, दोन, तीन. उमेदवार बरेच. पुढच्या बाई आत गेल्या त्या लवकर बाहेर येईनात. आल्या तेव्हा पिशवी छातीशी धरलेली होती. म्हणाल्या, “दहाही आकडे घातले. नीट विचार करून घातले.”

मग मी आत गेलो. मीही वेळ घेतला.