सुईला माप द्या

विळी केबिनमध्ये नेऊ नये, यावर वाद नाही. सुरी, अडकित्ता, कोयता यांनी चेक-इन सामानातच जावं. पात्याला जाड कापड गुंडाळून. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ या विमानाच्या अपहरणात एका प्रवाशाचा जीव चाकूनेच गेला होता. ते विसरायचं नाही.

पण क्रोशाच्या सुईने आजवर कोणतं विमान पळवलं?

११ सप्टेंबर २००१ चा घाव ज्या अमेरिकेने सोसला, तिथे आज विणकामाच्या सुया केबिनमध्ये चालतात. डिसेंबर २००५ पासून लहान कात्रीही चालते; खिळ्यापासून टोकापर्यंत ४ इंचांहून कमी हवी. युरोपीय संघात हीच मर्यादा ६ सेंटिमीटर. म्हणजे ७ सेंटिमीटरची कात्री न्यूयॉर्कहून सुखरूप निघणार आणि परतताना पॅरिसला अडकणार. पण निदान माप तरी लिहिलेलं आहे!

अमेरिकेने कात्री का सोडली? कॉकपिटचा दरवाजा भक्कम झाला, तो उड्डाणात बंद असतो. कात्री दाखवून आता विमान ताब्यात येत नाही. स्फोटकाने ते पडू शकतं. एक्स-रेच्या पडद्यावरची नजर नखांच्या कात्रीत अडकली, तर पुढच्या बॅगेकडे कोण बघणार?

२०१३ मध्ये तिथे छोटे चाकूही सोडायचं ठरलं होतं. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये बेत रद्द झाला. बरोबरच झालं. बंद दरवाजा वैमानिकाला वाचवतो. हवाई सेविका त्या दाराच्या अलीकडे असते.

सुईचं दुखणं वेगळं. सुरी काढून घेतली तर सुरी जाते. सुई काढून घेतली तर स्वेटर उसवतो, कारण अख्खी ओळ त्या सुईवरच तोललेली असते. जाणत्या बायका म्हणून निघण्याआधी टाक्यांतून जादा दोरा ओवून ठेवतात. सुई गेली तरी वीण टिकते.

नियमांची तजवीज बायकांनी दोऱ्याने का करायची?

आपल्याकडे नियम नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचे. बहुतेक मोठ्या विमानतळांवर तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची. अंतिम शब्द समोरच्या जवानाचा, आणि तो असायलाच हवा. पण एका विमानतळावर सुटलेली सुई दुसऱ्यावर अडते, तेव्हा प्रवाशाने विश्वास कशावर ठेवायचा?

स्पष्ट नियम करणं जमत नाही असं नाही. २०२४ मध्ये शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची मुभा याच ब्यूरोने दिली. २० जानेवारी २०२५ पर्यंत. तपासणी करून, मुदत घालून, जाहीर करून. नारळाला मिळालं ते सुईला का नको?

सुई आणि कात्रीचं माप सेंटिमीटरमध्ये ठरवा. ते तिकिटावर छापा, मराठीतही. आणि तपासणीच्या रांगेलगत प्रत्येक विमानतळावर टपालाची एक खिडकी उघडा. पैसे घ्या, पाकीट द्या, अडलेली वस्तू घरच्या पत्त्यावर पाठवा. बॅग आधीच पट्ट्यावरून गेलेल्या माणसापुढे आज बहुधा कचऱ्याचा डबाच असतो.