ग्रेडर काकाजी

कापूसपट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात एक ग्रेडर काकाजी असतो. नोकरी सुटून वर्षं झालेली असतात, पण बोटं अजून कामावर असतात. सोफ्यावर बसण्याआधी तो सोफा दाबतो. पंगतीत भात वाढला की एक शीत चिमटीत चिरडून पाहतो. आहेराचं पातळ हातात पडलं की उजेडाकडे धरतो आणि वीण नीट पाहिल्याशिवाय पुढे सरकवत नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या अल्लीपुरातला नमुना या जातीतला अव्वल. लग्नाआधी मुलगी पाहायला गेले तेव्हा समोर मांडलेलं तिचं भरतकाम यांनी उलटं करून मागची बाजू तपासली होती, हे काकू आजही पाहुण्यांना सांगतात. "मंग म्या बी यायचा शर्ट पाह्यला. कॉलरले ठिगळ होतं. पण म्या पास केलं."

हा मान कुठून आला ते नव्या पिढीला सांगावं लागतं. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस विकायचा तो योजनेच्या केंद्रावरच. केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागे, बैल सोडून माणसं बंडीखाली झोपत, आणि सकाळी ग्रेडर येई. वरच्या थराकडे तो बघतही नसे. चांगला माल वर ठेवायची रीत त्याला पाठ असे. कोपरापर्यंत हात आत खुपसून मूठभर कापूस काढायचा, आवळायचा, सोडायचा. फुलून आला तर कोरडा, गोळा होऊन राहिला तर ओला. मग चिमूटभर घेऊन दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा आणि धाग्याची लांबी काढायची. अर्ध्या मिनिटात प्रत ठरे. तेवढा वेळ मालधनी श्वास रोखून उभा असे. काकाजींना तो रोखलेला श्वास ऐकायची सवय लागली होती. निवृत्तीनंतर समोर श्वास रोखून उभं राहणारं कुणी उरलं नाही, आणि नेमका त्याच सुमारास पुण्याहून ऑस्कर आला.

ऑस्कर म्हणजे काकाजींच्या मुलाचा लॅब्राडोर. मुलगा-सून दोघं नोकरीवर, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीची कटकट. मग अशा कुत्र्यांचं जे होतं तेच झालं. गाडीच्या मागच्या सीटवर बसून तो आजी-आजोबांकडे आला. आठवड्याभरात गावानं त्याचा भास्कर केला. आमच्या गल्लीत आधीच एक भास्करराव राहतात, त्यामुळे काकू दारात उभ्या राहून "भास्कर, सोड ते!" असं ओरडल्या की समोरच्या ओट्यावर एक सभ्य गृहस्थ दचकून हातातला पेपर खाली ठेवत.

भास्करचं खानदान मोठं. पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडे होते. पुढं इंग्लंडातल्या उमरावांनी ही जात जोपासली ती शिकारीत पाडलेलं बदक तोंडात अलगद धरून, पिसाला धक्का न लावता मालकाच्या पायाशी आणून ठेवायला. भास्करच्या बाबतीत ही परंपरा पहिल्या अर्ध्या भागापर्यंत शाबूत होती. तो खेळणं अलगद उचलायचा, पायाशीही आणायचा. तिथं बसून, पंजाखाली दाबून, शिवणीवर दात लावून ते पद्धतशीर सोलायचा. पुण्याहून सोबत आलेलं माकड दुपारपर्यंत टिकलं. अंगणात पांढरा पसारा पाहून काकूंना वाटलं, गादी फुटली.

काकाजी मात्र पसाऱ्याजवळ उकिडवे बसले. मूठभर उचललं, आवळलं, सोडलं. चिमूट ओढून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला तो माकड गेल्यामुळं नाही.

"पॉलिस्टर!" ते म्हणाले. "कापसाच्या गावात?"

त्या दिवसापासून त्यांचं खातं पुन्हा उघडलं. गावात, नात्यात, जत्रेत मिळेल ते मऊ खेळणं ते आणू लागले आणि भास्करला देण्याआधी स्वतः फाडू लागले. जत्रेतल्या अस्वलाच्या पोटात फोमचे रंगीत तुकडे निघाले. ससा म्हणून विकलेल्या वस्तूत थर्माकोलचे मणी होते, ते वाऱ्यानं भास्कररावांच्या चहात गेले. आणि कुणाच्या तरी लग्नात आलेलं, पोट दाबलं की 'आय लव्ह यू' म्हणणारं लाल टेडी त्यांनी उकललं तेव्हा आत बटणाएवढे सेल होते. असा सेल गिळला तर अन्ननलिका आतून भाजते. लहान पोरांच्या बाबतीत डॉक्टर जीव तोडून हेच सांगतात. काकाजींनी त्यावर वहीत शेरा मारला: 'बोलका माल. नापास.'

तोवर त्यांच्या डोक्यात एक सिद्धांत तयार झाला होता. दोष भरणाचा आहे. घरचा कापूस भरून खेळणं केलं तर कुत्र्यानं खाल्लं तरी काय बिघडणार? शुद्ध माल आहे. गोठ्यातली म्हैस रोज सरकी खाते, सरकीला कापूस चिकटलेला असतोच, तिचं काही वाकडं होत नाही. हा सिद्धांत घेऊन ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आणि दिवसभर बैलांच्या खुरांत डोकं घातलेले. त्यांनी हात धुतले आणि काकाजींना बसवलं.

"काकाजी, म्हशीच्या पोटात रवंथाची भट्टी आहे, तिथले जंतू कापूस मोडतात. कुत्र्याच्या पोटात ती भट्टीच नाही. कापूस गेला की पाणी पिऊन गोळा होतो आणि आतड्यात बूच बसतं. पॉलिस्टरचंही तेच. कापड तर एक्स-रेत धड दिसतही नाही."

माझ्या मते काकाजींच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अपमान हाच. जन्मभर ज्याची प्रत लावली त्या मालाला एका पोरसवद्या डॉक्टरनं एका वाक्यात कचऱ्यात काढलं. पण माणूस पक्का सरकारी. वरून आलेला नियम पटो न पटो, वहीत उतरवून घेतला. डॉक्टरांनी आणखी सांगितलं ते असं: सगळ्यांत वाईट दोरा. लांब दोरा, रिबीन, सुतळी एका टोकाला अडकली की आतडं तिच्यावर चुण्या पडत गोळा होतं आणि दोरा आतडं कापतो. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसाच दवाखान्यात आणायचा. सारखी उलटी, अन्नावरची वासना जाणं, पोट धरून वाकून बसणं, शी न होणं, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा गावठी उपाय तर मुळीच नाही. मिठानंच कुत्रं दगावतं. आणि लॅब्राडोरला खाऊ-न खाऊचा विवेक कमीच. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चौथाई लॅब्राडोरांत एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, आणि त्यांची भूक भागल्याची घंटाच नीट वाजत नाही.

"म्हंजे आमच्या सायबासारखं," काकाजी म्हणाले.

पण फाडायची हौस का? त्याचंही उत्तर त्यांनी काढून आणलं. लांडग्याची शिकार म्हणजे कड्यांची साखळी: शोधणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. माणसानं निरनिराळ्या जातींत काही कड्या घट्ट केल्या, काही सैल सोडल्या, पण फाडण्याची कडी घरोघर कुठं ना कुठं वाजत राहते. खेळण्यातली शिट्टी चिरकली की भास्करच्या कानी उंदीर पडतो, आणि शिट्टी हाती लागेपर्यंत त्याला चैन नाही. तेव्हा 'न फाटणारं खेळणं' मागणं व्यर्थ. फाटल्यावर आतून काय निघतं आणि ते कुठं जातं, एवढंच पाहायचं.

कुठं जातं, हे पाहण्यासाठी काकाजींनी सोनाराकडचा जुना काटा मिळवला. खेळणं भास्करपुढं ठेवण्याआधी वजन, नंतर उरलेल्या चिंध्यांसकट पुन्हा वजन. जो फरक तो पोटात. वहीत रकाने पडले: तारीख, मालाचं नाव, आवक, जावक, ओलावा, घट, शेरा. पहिल्याच दिवशी हिशेब बोंबलला. एकशेऐंशी ग्रॅमचा हत्ती खेळून झाल्यावर दोनशे चारचा भरला. माल वाढला! काकू म्हणाल्या, "लाळ हाय ते." काकाजी म्हणाले, "ओलावा धरा लागते." तेव्हापासून चिंध्या खाटेवर वाळवणात पडू लागल्या. आमच्याकडच्या मेच्या उन्हात लाळ टिकत नाही, एवढं एक बरं.

एका संध्याकाळी हत्तीचा डोळा घटीत आला. काळं, चकचकीत प्लास्टिकचं बटण. डॉक्टरांना फोन झाला. आकार ऐकून ते म्हणाले, बहुधा निघून जाईल, लक्ष ठेवा. मग पहाटे गावानं पाहिलं ते दृश्य असं: पुढं भास्कर, मागं पांढरा पायजमा खोचलेले काकाजी, हातात पऱ्हाटीची काडी आणि दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. भास्कर जिथं बसेल तिथं काकाजी वाकत. दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या एकानं गाडी थांबवली.

"काय पाहून राह्यले काकाजी?"

"डोळा."

तो बिचारा गाडी ढकलतच पुढं गेला. तिसऱ्या दिवशी वहीत लाल शाईत नोंद झाली: 'डोळा जमा.'

यानंतर खरेदी कडक झाली. हिंगणघाटच्या दुकानात काकाजी शिरले की पोरं काउंटरखालचा माल वर काढतच नसत. ते खेळण्याची शिवण दोन्ही हातांनी ताणत. टाके हसले की माल बाजूला. डोळे, नाक, बटणं, घुंगरू, रिबीन असेल तर बाजूला. भास्करच्या जबड्यात पुरा मावेल एवढा लहान असेल तरी बाजूला. मग ते आयएसआयचा शिक्का शोधत. 2021 च्या 1 जानेवारीपासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"काकाजी, तो चौदा वर्साखालच्या पोराइच्या खेळण्याले असते," दुकानदार म्हणाला. "कुत्र्याच्या खेळण्याले नाई."

"मंग? कुत्रं चौदाच्या वर जाते कुठं?"

यावर उत्तर नव्हतं. पण दुकानदाराला एक संधी मिळालीच. काकाजी एकदा फाटलेला घोडा परत द्यायला गेले, वहीसकट. सात ग्रॅम घट, शिवण कच्ची, पैसे परत. दुकानदारानं घोडा घेतला. त्याच्या फाटक्या पोटात कोपरापर्यंत जाईना म्हणून मनगटापर्यंत हात घातला, मूठभर पॉलिस्टर काढलं, आवळलं, सोडलं, नाकाशी नेलं. काकाजी श्वास रोखून उभे होते.

"ओला हाय, काकाजी. कवडीत जाईन." मग हसून म्हणाला, "माह्या बाचा कापूस तुमीच पाहत होते नं?"

काकाजींनी घोडा पिशवीत टाकला आणि बसस्टँडवर आले. परतीच्या बसमध्ये ते फक्त एकदाच बोलले: "हात बराबर होता त्याचा."

सध्या भास्करची व्यवस्था अशी आहे. किराणा दुकानातून रिकामे पुठ्ठ्याचे खोके येतात. काकाजी त्यांची चिकटपट्टी आणि पिना काढतात, आत ज्वारीच्या भाकरीचे तुकडे टाकून झाकण घालतात. भास्कर खोका फाडतो, भाकरी खातो, पुठ्ठा थुंकतो. महाग खेळण्यांनी जे समाधान दिलं नाही ते त्याला साबणाच्या खोक्यानं दिलं. मऊ खेळणं हवंच म्हणून काकूंनी जाड जुन्या चादरीचा एक ससा शिवला, दुहेरी टाक्यानं. त्यात भरण नाही, शिट्टी नाही, त्याला डोळे नाहीत, शेपूट नाही. कानांची लांबी काकाजींनी दोनदा कमी करवली. काकू म्हणतात, हा ससा नाही, उशीचा अभ्रा आहे. तो अर्धा तास मिळतो, काकाजी समोर खुर्ची टाकून बसलेले असताना. कुठं धागा सुटला तर कात्रीनं तिथल्या तिथं कापला जातो, आणि वेळ संपली की ससा गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांखालच्या कप्प्यात, कुलपात. दुसऱ्या दिवशी दुसरं काही. रोज तेच दिलं तर मालाची किंमत जाते, असं त्यांचं म्हणणं. बाजारभावाचं एवढं ज्ञान त्यांच्या खात्यालाही नव्हतं.

कीर्ती पसरली आहे. शेजारच्या गावांतून लोक पिशवीत अस्वलं घेऊन येतात. काकाजी ओट्यावर बसून एकेकाचं पोट दाबतात, शिवण ताणतात आणि प्रत सांगतात. अर्धा मिनिट सगळे गप्प उभे राहतात. भास्करराव पेपर वाचायचं नाटक करत ऐकतात.

अडचण फक्त नातीची. उन्हाळ्यात ती पुण्याहून येते ती काखेत एक गुलाबी हरीण घेऊन. त्याला बटणांचे डोळे आहेत, गळ्यात रिबीन आहे आणि शेपटीला घुंगरू. भास्कर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दोघं एकाच चटईवर झोपतात. पण आजोबांची नजर त्या हरणाच्या शिवणीवर आहे हे पोरीला पहिल्याच दिवशी कळलं. रात्री अंथरूण पडलं की ती हरीण पांघरुणात दडवते, भास्करच्या अंगावर पाय टाकते आणि हळूच विचारते, "आजी, आजोबा झोपले का?"

"नाई," काकू म्हणतात. "चश्मा लावून बसले हायेत."